उकिरड्यातले कोष

आये, "शेणात काय सोनं पुरून ठेवलंय गं तुज्या आज्यानं?" असं तू गोठ्यातून ओरडली होतीस. मी उकिरड्याच्या कडेला उकिडवी बसून माश्यांचे कोष वेचत होते. लालसर, भाताच्या दाण्यासारखे. चिंचणीच्या आपल्या गोठ्यात माश्या इतक्या माजल्या होत्या की बोईसरच्या कॉलनीतल्या बायका दूध घेण्याआधी किटलीत डोकावायच्या. दुधाची दोन घरं तुटलीही होती. म्हणून मामा पालघरहून माश्या मारायच्या पावडरीचा डबा घेऊन आला, आणि मी कोषांची बाटली घेऊन त्याला आडवी आले.

आज पुन्हा तेच पाहिलं, म्हणून लिहायला बसले. कुंभवलीच्या एका गोठ्यातून आणलेल्या कोषावर इवलीशी काळी गांधीलमाशी चढली, मिशांनी तो ठोकून पाहिला आणि शेपटाची सुई आत घातली! तिचं पिल्लू आतली माशी खाऊन वाढतं, आणि बाजूला गोल भोक पाडून बाहेर येतं. माशी स्वतः निघते तेव्हा कोषाचं टोक टोपणासारखं उघडतं. त्या दिवशी माझ्या बाटलीत गोल भोकांचे कोष होते, आणि काचेवर त्या काळ्या बारक्या धावत होत्या.

"आये, ह्या माश्यांना खातात. पावडरीनं ह्यापण मरतील," मी रडकुंडीला येऊन सांगतेय. मामा हसतोय. "मुंगीहून बारीक ही! दिसाला एक पाय खाते काय माशीचा?" तू बाटली घेतेस, उजेडात लांब धरतेस, डोळे बारीक करतेस. तुला काही दिसत नाहीये, मला कळतंय.

"हाय खरं कायतरी," तू म्हणतेस. "डबा ठेव खाली. गिऱ्हाईक माजं हाय, बोलनी मी खाईन."

मग किटलीला ओलं फडकं बांधायला लागलीस, ताज्या शेणाच्या लगेच गोवऱ्या थापायला लागलीस. माश्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. एक घर परत आलं, दुसरं आलंच नाही. त्यावरून तू मला कधी शब्दानं बोलली नाहीस.

शाळेत मी ऐटीत सांगायचे, "आमच्या आयेनंपण बघितलीय ती." अजूनही तसंच सांगते. हे पत्र कुणाला दाखवणार नाही ते त्यासाठीच.

आता माझ्याकडे चांगलं भिंग आहे, आये. ती अजून कोषावर बसलीय. ये ना, एकदाच इथे डोळा लाव. नाहीच म्हणशील, ठाऊक आहे मला: "तू बघितलंस ना? मग झालं."