दोन इंच माया

४ सप्टेंबर २०१९

आमची गोदू मिलानला पोचली. खोली लहान, जेवण बरं, थंडी अजून नाही. कामाचं विचारलं तर म्हणाली, कापडाचे चौकोन कापून पुठ्ठ्यावर चिकटवते. दिवसभर तेच. फोनवर तिच्या मागं मशीनचा आवाज नव्हता. शिवणकामाच्या ठिकाणी एवढी शांतता म्हणजे तिला कुठंतरी कोपऱ्यात बसवलेलं आहे.

फॅशनच्या कपड्यांच्या कंपनीला तिथं कारखाना म्हणत नाहीत, हाउस म्हणतात. सुशीला स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे पोट्टी घर सोडून घरातच गेली."

इकडे रायपुरात आपली उरला भागातली शिवणाची शेड जोरात. सिलतऱ्याच्या एका स्टील प्लँटच्या वर्द्या, निळं जाड कापड. शेजारच्या शेडचा शिशिर पुन्हा डोकावून गेला. "भैया, कब दे रहे हो?" त्याला भिंत पाडून दोन्ही शेड एक करायच्या आहेत. हसून म्हटलं, मालकीण शिकायला गेली आहे, आली की तिलाच विचार.

मस्करीत म्हटलं. पण शेड तिच्यासाठीच ठेवली आहे हे त्यालाही माहीत आहे.

१२ एप्रिल २०२०

लॉकडाऊन. शेडमध्ये फक्त मास्क. गोदू मिलानच्या खोलीत बंद. बाह्यांची चित्रं काढते म्हणे. कोटाच्या नुसत्या बाह्या, भिंत भरली.

२१ फेब्रुवारी २०२२

गोदू पॅरिसला. नवं हाउस, आधीच्यापेक्षा मोठं. बायकांच्या कोटांचं काम तिच्याकडे. तिथं तिला इरा म्हणतात. इरावती त्यांच्या तोंडात मावत नाही, आणि गोदू आपण कोणाला सांगत नाही.

श्रीपाद आला होता संध्याकाळी. सुशीलाचा भाऊ, रेल्वेतून रिटायर, तेव्हापासून चौबे कॉलोनीतल्या प्रत्येक घराचा चहा त्याला माहीत. म्हणाला, "भाऊजी, कोट शिवते म्हणजे शेवटी टेलरच नं?"

म्हटलं, "हव. तू तरी कुठं रेल्वे चालवत होतास? तिकिटं तपासत होतास."

दुसरा चहा मागितला त्यानं. म्हणजे लागलं नाही.

१६ नोव्हेंबर २०२३

गोदू दिवाळीला आली होती, आज गेली. चार वर्षांत पोर बदलली नाही, चालणं बदललं. आता दारातून आत येताना थांबत नाही.

काल शेडवर घेऊन गेलो. कटिंग टेबलावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, आणि एक पँट उलटी करून बघत राहिली.

"बाबा, एवढी माया?"

दोन इंच. मागच्या शिवणीला आणि दोन्ही बाजूंना. बाकीचे वर्दीवाले शिवणीच्या आत अर्धा इंच कापड सोडतात आणि सुटतात. पण भट्टीवर नवा लागलेला माणूस आधी वाळतो. मग पगार अंगाला लागतो, लग्न होतं, भरतो. पँट तीच. उसवायची, सोडायची, पुन्हा शिवायची. कंपन्यांचे परचेसवाले कापड वाया जातं म्हणून ओरडतात, आणि त्यांचे कामगार गोतमारेचीच वर्दी द्या म्हणून ओरडतात. या दोन ओरडण्यांच्या मधे माझं घर चाललं.

कटिंगवाल्या दयारामनं तिला त्याची जुनी गोष्ट सांगितली. कटिंगला नवा होता तेव्हा मी म्हटलं, माया सोड. छत्तीसगढीत मया म्हणजे प्रेम. गडी कैची धरून उभा. "कपड़ा म मया कइसे छोड़बो, सेठ?" गोदू इतकी हसली की मशीनवाल्या बायका थांबल्या.

मग म्हणाली, "आमचे कोट आतून इतके साफ असतात बाबा, की आत काही उरतच नाही. बाई जाड झाली की कोट गेला."

एक पँट बॅगेत घालून घेऊन गेली. कस्टमवाले काय म्हणतील कोण जाणे.

स्टेशनच्या रस्त्यावर, नाही, एअरपोर्टच्या— अजून चुकतो— गाडीत विचारलं, परत कधी? म्हणाली, तिच्या वरचा मोठा डिझायनर एक-दोन वर्षांत जाणार. त्याची खुर्ची मिळाली तर तिथंच. "नाही मिळाली तर येते. तुमच्या टेबलावर बसते."

म्हटलं, टेबल कुठं पळून चाललं.

घरी सुशीलाला सांगितलं, मला दोन्ही चालतं. ती माझ्याकडे बघत भाजी चिरत राहिली. बोट कापेल म्हणून मीच उठलो.

१७ जानेवारी २०२५

मोठा डिझायनर गेला. खुर्चीसाठी दोघं— गोदू आणि एक बेल्जियमचा. दोघांनी आपापले कपडे करून दाखवायचे, मार्चमध्ये.

गोदूचे सगळे कोट. आत दोन इंच माया. पण लोकरीचं जाड कापड, कमरेच्या वळणावर शिवण फुगते. दुपारी तिनं फोन केला, कॅमेरा लावून. तिथल्या बाया म्हणतात, मायेला चिरा द्या म्हणजे बसेल.

मी म्हटलं, चिरा द्यायच्या नाहीत. चिरलेली माया पुढं सोडता येत नाही, मग ठेवायची कशाला? ओलं फडकं टाक आणि इस्त्रीनं कडेचं कापड ताण, हळू, वळणाबरोबर. दयारामनं इथं करून दाखवलं, तिकडे तिनं केलं. पहिल्यांदा जळालं. दुसऱ्यांदा बसलं. तिच्या मागं कोणीतरी टाळी वाजवली.

सांगितलं नसतं तरी कोणाला कळलं नसतं. कोट फुगला असता, बेल्जियमवाला जिंकला असता, गोदू दिवाळीपर्यंत घरी. हे इस्त्री दाखवताना डोक्यात आलं. आलं म्हणून लिहिलं, एवढंच.

९ मार्च २०२५

शो झाला. फोनवर बघितला. सुशीला म्हणाली, "पोट्ट्या एवढे भारी कपडे घालून हसत काहून नाही?" मी शिवणी बघत होतो. कमरेला एकही फुगली नाही.

१३ मार्च २०२५

मजा झाली. गोदूनं आपल्या कागदांवर जागोजागी 'माया' लिहिलं होतं, आपण खडूनं लिहितो तसं. हाउसच्या जाहिरातवाल्यांनी तेच नाव लावलं सगळ्या कोटांना. आणि खाली समजावलं— भारतातला प्राचीन विचार, जग म्हणजे भ्रम.

इथल्या हिंदी पेपरात आलं, 'रायपुर की बेटी ने पेरिस में रची माया.' श्रीपाद पेढे घेऊन हजर. "माया म्हणजे पैसा, भाऊजी. आता तुम्ही वर्द्या शिवून काहून हात मोडून राहिले?" दयाराम पेपर वाचून म्हणाला, "बने लिखे हे, सेठ. मया." कॉलोनीतल्या एका बाईनं सुशीलाला विचारलं, ही माया कोण?

गोदूला म्हटलं, अगं, खरा अर्थ सांगितलास का त्यांना?

"सांगितला नं. म्हणाले, भ्रमच राहू द्या, चांगलं वाटतं."

२ एप्रिल २०२५

कोटांचं सगळीकडे नाव झालं आहे. आज मात्र गोदूचा आवाज सपाट.

हाउसचा धंदा बघणारा जो वरचा माणूस आहे, त्यानं एक कोट उलटा केला. विचारलं, आत एवढं कापड कशाला? तिनं सांगितलं खरं ते. बाई बदलली की कोट सोडता येतो, पुढं तिची मुलगीही घालेल.

तो म्हणाला, "मग पुढच्या वर्षी तिला काय विकायचं?"

गोदू हसली. तो नाही हसला.

हा माणूस मी ओळखतो. सिलतऱ्यात याच्यासारखे चार आहेत, फक्त कोट इतका चांगला नसतो. त्यांना या प्रश्नाचं उत्तर मी इतक्या वर्षांत दिलेलं नाही. चहा मागवतो आणि पोरांचं विचारतो.

गोदूला तेवढं जमत नाही अजून.

२० मे २०२५

पॅरिसहून काही नाही.

शिशिर आला. या वेळी उभा राहिला नाही, बसला. "भैया, जून तक बता दो. नहीं तो मैं भनपुरी में देख रहा हूँ." राग नाही त्याच्या बोलण्यात, आणि खोटंही नाही. आवाजावरून कळतं मला. त्याच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, सगळे कामगार ठेवतो म्हणतो.

माझं सदुसष्ट चालू आहे. सुईत दोरा आता दयाराम ओवतो, आणि त्याच्या सुईत कोणीतरी तिसरं. गोदू आली तर शेड तिची, नाही आली तर शिशिरची. ठरवणार पॅरिसचा तो माणूस, ज्यानं उरला बघितलेला नाही.

३ जून २०२५

सुशीला: "तुम्हाले नेमकं काय पाहिजे ते तरी सांगा जी."

म्हटलं, चहा.

११ जून २०२५

गोदूचा मेसेज. "नाही झालं बाबा. बेल्जियमवाल्याला दिली. नंतर बोलते."

सुशीला देवघरापाशी बसली जरा वेळ. मी शेडवर गेलो. कटिंग टेबलाची वरची फळी किती वर्षांपासून उंचसखल झाली आहे, ती बदलायला सांगितली. नवी प्लाय, गुळगुळीत. सुतार म्हणाला, उंची तेवढीच? म्हटलं नाही, तीन बोटं वाढव. गोदू माझ्यापेक्षा उंच आहे.

येताना श्रीपाद भेटला. "भाऊजी, पोट्टीचं वाईट झालं नं?" म्हटलं, हो, फार. तो म्हणाला, "मग शिट्टी काहून वाजवून राहिले?"

मला माहीतच नव्हतं वाजवतो आहे ते.

१३ जून २०२५

दुपारी आडवा झालो होतो. सुशीलाला वाटलं झोपलो. तिनं फोन स्पीकरवर टाकला, कणीक मळता मळता. माझ्या कानांना भिंत पुरत नाही हे चाळीस वर्षांत तिच्या लक्षात यायला हवं होतं.

गोदू सांगत होती. मिलानच्या त्या पहिल्या हाउसनं बोलावलं आहे, जिथं पुठ्ठ्यावर चौकोन चिकटवले. या वेळी सगळ्यात वरची खुर्ची. बायकांचं सगळं काम तिच्या हातात. मायेसकट— त्यांना तेच पाहिजे म्हणे, आतलं कापड. सोमवारी हो की नाही सांगायचं.

सुशीला म्हणाली, "मग?"

"मग काय आई. बाबांना शब्द दिला होता नं. खुर्ची नाही मिळाली तर येते म्हणून."

"ते पॅरिसचं होतं, गोदू."

"त्यांनी फळी बदलली म्हणतेस. टेबल उंच केलं म्हणतेस."

"तुले जायचं आहे का मिलानला?"

तिच्या मागं, लांब कुठंतरी, मशीन चालू होती. बारीक टाका, जाड कापड. मग म्हणाली, "आहे नं. पण राहू दे. त्यांना नको सांगू. उद्या मीच फोन करते, येते म्हणून सांगते."

चहाच्या वेळी उठलो. सुशीलानं विचारलं, झोप लागली? म्हटलं, छान लागली.

१४ जून २०२५

गोदूचा फोन. "बाबा, एक सांगायचं आहे," म्हणाली. मी म्हटलं, आधी माझं ऐक. शेड विकली. शिशिरला. गेल्या आठवड्यात.

"आणि फळी?"

शिशिरनंच सांगितलं होतं करायला, म्हटलं.

मग हळूच म्हणाली, "मले मिलानहून बोलावणं आहे." म्हटलं, वा. कधी निघतेस?

सुशीला दारात उभी होती.

शिशिरचा फोन लागत नाही. पुन्हा लावतो.