न थांबणारा प्रोसेसर

प्रिय अनीश,

प्रिय लिहिलंय ते सवयीने, त्यावर जाऊ नकोस. कालपासून माझं डोकं भणाणलंय. आपल्या छापून आलेल्या संशोधनाच्या पेपरचे आकडे जुळत नाहीत म्हणून एका परदेशी मुलीने विचारलं, आणि तू तिला कळवलंस की मांडणी पंकजाची होती, चूक तिचीच असणार. त्या मुलीने ते जसंच्या तसं मला पाठवलं. साखरपुडा ठरलेल्या मुलीवर ढकलताना तुला लाज कशी वाटली नाही रे?

जानेवारीत नगरच्या लॅबमध्ये आपण एका नव्या चिपचं सिम्युलेशन करत होतो. चिप अजून कुठेच बनलेली नाही, संगणकातच तिचं सोंग उभं करायचं. मी मेमरी मुद्दाम दहापट हळू केली, तरी प्रोग्रामला लागणारा वेळ शेवटच्या आकड्यापर्यंत तोच! तीन दिवस मी मेमरीचं मॉडेल उसवत बसले. तिसगावहून आईचा फोन आला तेव्हा तीसुद्धा म्हणाली, "मशीन बनलंच न्हाई म्हंतीस, मंग बिघडलं काय गं?"

मेमरीत दोष नव्हताच. लवकर उरकावं म्हणून तू प्रोसेसरचं साधं मॉडेल लावलं होतंस, मेमरीसाठी थांबावं लागतं तो वेळ न मोजणारं. टँकरच्या रांगेतले दोन तास सोडून स्वयंपाक अर्ध्या तासात झाला म्हणायचं, त्यातलाच प्रकार. खरं मॉडेल लावल्यावर चिपच्या वेगातली आपली तीस टक्क्यांची सुधारणा दोनवर आली. मी दाखवलं, तू चहा मागवलास आणि म्हणालास, आकडे बदलून पाठवतो, माझ्यावर सोड. मी सोडलं, आणि तू जुनेच आकडे पाठवलेस. छापून आल्यावर उघडूनही पाहिलं नाही. एवढा मूर्खपणा मात्र माझा.

आज सकाळी मी पेपर मागे घ्यायला संपादकांना लिहिलं. साधं मॉडेल कुणी आणि कधी लावलं, त्याची नोंद जोडली आहे. तुझा परदेशातला प्रवेश आणि माझी इथली नोकरी, दोन्ही त्याच पेपरवर मिळालेत. दोन्ही जातील, जाऊ देत.

तुला पाठ असलेलं मी इतकं फोडून का सांगतेय, असं वाटलं असेल. तू घरी जाऊन माझंच नाव पुढे करशील हे आता मला कळतं. म्हणून साखरपुड्याची साडी माझा भाऊ सुनील याच्या हाती तुझ्या आईकडे परत पाठवतेय आणि हे पत्र तिच्या घडीत ठेवलंय. लीनाकाकू, तुमचं वाचून झालं की त्याला द्या.

तुझी होणार होती ती,
पंकजा