फुकटचं छप्पर

लोरेटाताई,

लिहू लिहू म्हणत महिना घालवला. मधे नदीच्या मुखाशी डेल्टात मासे धरायला गेलो, ते असो.

तुझे हप्ते थकले तरी, मी राहतो ते तुझं घर कर्जाहून कमी किमतीत विकायला बँक कबूल होती. गिऱ्हाईकही आलं, डुगन. तू फोनवर रडलीस, "लिलाव झाला तर माझी पत जाईल, मला कुणी भाड्यानंही घर देणार नाही रे." रडायला तुला काय लागतं! घर विकलं असतं तर मी कुठे झोपलो असतो? डुगनला म्हटलं, "काका, भिंतींत बुरशी आहे. खोकून मराल." पळालाच.

काल लिलाव झाला. मला इथून काढायला बँकेला महिने लागतील; तू तुझ्यापुरती खोली शोध.

थांब, दारात डुगनच आलाय, कुलूपवाल्याला घेऊन. म्हणतो, "पोरा, तुझ्या बुरशीची बातमी गावभर झाली, घाबरून दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. घर मला निम्म्यात पडलं. चल, गाशा गुंडाळ."

तुझा लाडका,
कोडी