खाणवाट, दगड क्र. १ ते ४१

४ जानेवारी, रविवार. परतीच्या एसटीत.
पुण्यात साडूंच्या नव्या फ्लॅटवर जेवण. ज्ञानेश्वरराव नोव्हेंबरात इटलीला जाऊन आले, त्याचे फोटो टीव्हीवर. चारशे बारा. सगळ्यांत हे पाठीला सॅक लावून चालताहेत. तिकडं म्हणे जुन्या खाणींची गावं आहेत. खाणी बंद पडल्या, पण खाणकामगारांच्या पायवाटा रानातून तशाच जपल्यात आणि जगभरची माणसं तिथं मुद्दाम चालायला जातात. वाट चुकू नये म्हणून दगडांवर पांढरे-तांबडे पट्टे. शेवटी मला विचारलं, अंगदराव, तुमच्या कर्जतकडं काय आहे हो बघण्यासारखं? मी म्हणालो, आमच्या गावालाही खाण आहे. तोंडातून गेलं. ते म्हणाले, मग एक फेब्रुवारीला वॉकिंग ग्रुप घेऊन येतो, चौदा जण. मी म्हणालो, या.
भिगवणला सौ. म्हणाली, ती मुरमाची खाण? मी म्हणालो, इतिहास लागतो, तो आपण शोधू.

५ जानेवारी, सोमवार. पहाटेसाठी लिहून ठेवलेलं.
संकल्प: रोज पाचला उठणे. गाव ते खाण, पाच किलोमीटर, रोज चालून वाट पक्की करणे. आजपासूनच.

त्याच दिवशी, ७.४०.
आत्ता उठलो. थंडी फार. वाट अंथरुणात बसूनच मोबाईलच्या नकाशावर आखली. एकतीस वर्षं एसटी डेपोत कंट्रोलर होतो, हजारो गाड्या कुठून कुठं धाडल्या. एका पायवाटेचं काय घेऊन बसायचं. नाव ठरलं: खाणवाट.

७ जानेवारी, बुधवार.
खाजाभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानातून ऑईलपेंट आणला, पांढरा आणि तांबडा. त्यांनी विचारलं, घराला का? मी जरा इकडंतिकडं बघून म्हणालो, सध्या कुठं बोलू नका, पण हे काम पुढं सरकारदरबारी जाणार आहे. पर्यटन खात्याला मी पत्र लिहिणारच आहे, पण एवढं तपशिलात सांगायची गरज वाटली नाही. खाजाभाई गंभीर झाले. ब्रश फुकट दिला. म्हणाले, अंगदभाऊ, माज्या तोंडातनं शब्द जानार न्हाई. विश्वासू माणूस.

१० जानेवारी, शनिवार.
एकेचाळीस दगड रंगवून झाले, प्रत्येकावर नंबर. रंगाचे डाग पडतील म्हणून डेपोतला जुना खाकी शर्ट घातला होता. अंतर बरोबर पडावं म्हणून गवंड्याकडून लांब टेप आणला. सगळं स्कूटरवरून उरकलं. चालणं उद्यापासून.
वाटेवरचा शेतकरी बन्सी त्याच्या बांधावरून बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला आणि विचारलं, रुंदी किती धरलीया? मी म्हणालो, सध्या दोन माणसं शेजारी-शेजारी जातील एवढी, पण प्रतिसाद बघून वाढवू. मग विचारलं, परदेशी कंपनी हाय का? मी म्हणालो, कंपनी नाही, पण कल्पना इटलीची. बन्सी बांधावरच खाली बसला. गावात एवढा रस मला अपेक्षित नव्हता.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
गाव कामाला लागलंय. मी कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. बन्सीनं ९ ते १४ नंबरच्या दगडांलगत आंब्याची दीडशे रोपं लावली, चालणाऱ्यांना सावली व्हावी म्हणून. माझे डोळे भरून आले. रोपं फुटाफुटावर आहेत. मी म्हणालो, एवढ्या दाटीत वाढणार कशी? बन्सी म्हणाला, वाढायची गरज न्हाई, मोजून घेतली म्हंजी झालं. मिश्कील आहे.
२२ नंबरला पत्र्याचं शेड उभं राहिलं. विश्रांतीसाठी असणार. आत एक म्हैस होती, तीही विश्रांतीच घेत होती. पलीकडच्या शेतातल्या कल्याणनं त्याच्या माळावर विहीर काढली. म्हणजे हातभर खड्डा आणि त्याला भक्कम कठडा. मी विचारलं, पाणी कुठाय? म्हणाला, पाण्याचं बगू, कागदावर विहीर लागली पायजे. नियोजनाची ही शिस्त मला डेपोतसुद्धा दिसली नव्हती.
तिळगूळ अकरा घरांतून आला. मागच्या वर्षी दोन.

१७ जानेवारी, शनिवार.
दगड हलू लागलेत. १७ नंबर मी झुंबरबाईंच्या बांधावर रंगवला होता, तो आज कल्याणच्या माळावर सापडला. १८ आणि १९ पण तिथंच. खाणवाट आता त्याच्या विहिरीभोवती पूर्ण चक्कर मारून पुढं जाते. हरकत नाही. लोकसहभाग म्हटल्यावर थोडं वळण येणारच.
झुंबरबाई मात्र समजून घेत नाहीत. पासष्टी उलटलेली एकटी बाई, पाऊण एकराचा तुकडा. दारात येऊन म्हणाल्या, भाऊ, दगड मीच टाकला तिकडं. माज्या तुकड्यातनं नेऊ नगा. मी शांतपणे समजावलं की युरोपात सगळे नेऊ देतात. त्या म्हणाल्या, युरोपातनं कोनी आलं तरी मी अंगठा देनार न्हाई. मग आत जाऊन सौ.जवळ रडल्या. नंतर सौ.ला कारण विचारलं तर म्हणाली, खाजाभाईंच्या दुकानात काय बोलून आलात ते आठवा. मला आठवलं, मी ब्रशबद्दल आभार मानले होते. बायकांचं दुसरंच काहीतरी असावं.

२१ जानेवारी, बुधवार.
सराव सुरू. ३ नंबरच्या दगडापर्यंत चाललो. नव्या बुटांनी टाच सोलली. बसलो, विचार केला. नेत्यानं स्वतः चाललंच पाहिजे असं काही नाही. डेपोत मी एकही गाडी चालवली नाही, तरी सगळ्या पोचल्या. बहुतेक.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी.
झेंडावंदनानंतर ग्रामसभा. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. भाषण खिशात होतं. बन्सीनं उठून विचारलं, मोबदला काय धरलाय? मी म्हणालो, आपल्या गावात माणसं येतील, हे समाधान हाच मोबदला. कल्याणनं विचारलं, गुंठ्याला किती समाधान? मग तलाठी उभे राहिले. म्हणाले, या गावातून कुठलाही हायवे कागदावर नाही, पण खाकी शर्टातला एक इसम टेप घेऊन मोजणी करत फिरतोय अशी तक्रार आली आहे. सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली.
कुठल्या तरी रस्त्यावरून गावाचा गैरसमज झालेला दिसतो. माझा काही संबंध नाही.

संध्याकाळी.
सौ.नं समोर बसवून सगळं सांगितलं. खाजाभाईंनी शब्द पाळला, फक्त बन्सीला सांगितलं. बन्सीनंही फक्त गावाला सांगितलं. सरकारी हायवे येतोय, आखणी अंगद करतोय. रोपं, शेड, विहीर, सगळं भरपाई वाढून मिळावी म्हणून. सावलीसाठी कुणी काही केलंच नव्हतं. आणि झुंबरबाई दहा दिवस धड जेवल्या नाहीत, त्यांचा तेवढा एकच तुकडा.
हे मात्र लागलं. लगेच जाऊन सांगितलं, रस्ता नाही, जमीन तुमचीच. त्यांनी विचारलं, मग पट्टे कशापायी मारले? मी म्हणालो, खाणीपर्यंत लोकांना फिरायला. त्या म्हणाल्या, त्या खानीत बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडलीया, परकरातली पोर हुते. तितं कोन मरायला फिरायला जातंय? मी म्हणालो, जातात, फक्त खाणीला इतिहास लागतो. तो अजून सापडत नाही.

२८ जानेवारी, बुधवार.
सकाळी दार उघडलं तर रंगवलेले दगड दारात रचलेले. मोजले. चाळीस. ३ नंबरचा फार जड, तो कुणाला उचलला नसावा. स्कूटर आत अडकली. बन्सी जाता जाता म्हणाला, रोपं पन आनून देऊ का, दीडशे हायेत.
साडूंना फोन करून नको म्हणावं का? पण ते फोनवर हसतील, आणि ते हसणं मला पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात ऐकावं लागेल. कळवत नाही. चार दिवस आहेत. दुसरे दगड रंगवून होतील.

३१ जानेवारी, शनिवार.
रंगवायचं राहिलं. टाच.

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.
चौदाजण आले. सगळ्यांकडं काठ्या. ज्ञानेश्वररावांनी पहिलंच विचारलं, पट्टे कुठायत? मी म्हणालो, आपल्याकडं पट्टे नाहीत, वाटाड्या असतो. आणि पुढं झालो. ३ नंबरपर्यंत झकास गेलो. तिथून पुढं तीन पायवाटा फुटतात, हे नकाशावर नव्हतं, आणि पट्टे गेल्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. मोबाईलला रेंज नाही. चौदाजण मागं उभे. टाचेतून रक्त. मी ३ नंबरच्या दगडावर बसलो आणि म्हणालो, इथून निसर्ग फार छान दिसतो. समोर उकिरडा होता.
तेवढ्यात मागून सौ. आली, बरोबर झुंबरबाई. माझं असं काहीतरी होणार, हे सौ.ला म्हणे सोमवारीच कळलं होतं. झुंबरबाई म्हणाल्या, तुमी बसा भाऊ, आमी येतो जाऊन. साध्या चपलांत पुढं निघाल्या. चौदाजण त्यांच्या मागं.
अडीच तासांनी परतले. ज्ञानेश्वरराव चष्मा काढून डोळे पुसत होते. म्हणाले, त्यांनी ती जागा दाखवली हो, जिथं बसून खडी फोडायच्या. हातांना चिंध्या बांधून. आणि दुपारी सरकारकडून खायला सुकडी मिळायची, तीतली अर्धी धाकट्या भावासाठी परकराच्या ओच्यात ठेवायच्या. इटलीत सहा दिवस चाललो, असं कुणी सांगितलं नाही. मी म्हणालो, आमच्याकडं इतिहास आहेच.
मग ते झुंबरबाईंच्या पाया पडले. माझ्या साडूंना मी आजवर कुणाच्या पाया पडताना पाहिलेलं नाही.
आत्ता त्यांच्या ग्रुपवरचे फोटो आले. सौ.नं दाखवले. झुंबरबाई खाणीत उभ्या, हातात दगड. खाली लिहिलंय, खाणवाट, मार्गदर्शक झुंबरबाई, संयोजन रतनताई. रतनताई म्हणजे सौ. पुढच्या महिन्यात आणखी तीसजण येणार आहेत. बन्सीनं सौ.ला निरोप धाडलाय की शेड झाडून ठेवतो, म्हैस दुसरीकडं बांधतो.
शेवटचा फोटो माझा आहे. दगडावर बसलोय, एक बूट हातात. खाली कुणीतरी लिहिलंय, वाटेत भेटलेले एक ग्रामस्थ. त्यावर ज्ञानेश्वररावांचा अंगठा आहे.
वाईट वाटलं. मग फोटो मोठा करून पाहिला. पट्टे सरळ आलेत, आणि ३ चा आकडा लांबूनही वाचता येतो.