गिरिजाच्या दुखण्याबद्दल विचारलेले प्रश्न

मुंबई, २१ एप्रिल १९८४

चि. मन्मथ यास आक्काचे आशीर्वाद, रागासकट.

सोमवार, १२ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. आपल्या नव्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने गिरिजाच्या पोटाला हातही न लावता सांगितलं, "टँकरचं पाणी. जंत झालेत." आणि तू, तिचा बाप, म्हणालास, "हाव साहेब, जेवायला लई नखरे करायलीय." मी तिथेच उभी होते.

इथे इस्पितळात पोटात दुर्बीण घालून पाहिलं. जठराचा कॅन्सर आहे. चौदाव्या वर्षी तो क्वचितच होतो, म्हणून कुणी शोधतच नाही. उलट्या, शौचाला काळं होणं, उतरलेलं वजन, सगळं समोर होतं. पण या दुष्काळात अर्धी भाकरी धाकटीला देणारी पोर आपल्याला गुणाची वाटली. मीही तिचं कौतुक केलं.

उमाला सांग, तिची लेक पेज पिते आणि नर्सबाईंना कानडी शिव्या शिकवते. ऑपरेशन पाच मेला आहे. विहिरीला पाणी आहे का?

डॉक्टर विचारतात, घराण्यात कुणाला हे होतं का? उमाची आई आणि मामा तरुणपणीच पोटाच्या दुखण्याने गेले. मुलींची लग्नं अडतील म्हणून तू ते दडवलंस. उमाला विचारून त्यांची वयं आणि लक्षणं लिही. धाकट्या राजेश्वरीने ताटात अन्न टाकलं, तर तिला लगेच इकडे आण.

उत्तर ३० एप्रिलच्या आत, लेखी हवं. नाही आलं, तर हेच प्रश्न उघड्या कार्डावर पाठवीन. आपल्या औशाचा पोस्टमन कार्डं मोठ्याने वाचतो.

तुझी,
सिद्धम्माआक्का