देप्रेतिसचं विरजण

पुणे, ८ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
अश्विनीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं आणि कागद हवा तेव्हा पुन्हा वाचून घेता येतो, असं तू म्हणतेस, म्हणून हा कागद. आई, आजीला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस.

तीन वर्षं कुठल्या इटलीचं काय लिहितेस, असं तू विचारलं होतंस. दीडशे वर्षांमागं तिथली लहानमोठी राज्यं जोडून एक देश झाला. संसदेत उजवे आणि डावे असे दोन गट. १८७६ मध्ये डावे सत्तेवर आले. त्यांचा पुढारी देप्रेतिस, पांढऱ्या दाढीचा. त्यानं अकरा वर्षांत आठ मंत्रिमंडळं केली. विरोधात जो मोठ्यानं बोलेल त्याला हरवायचं नाही, जवळ घ्यायचं. कुणाला खातं द्यायचं, कुणाच्या गावाला रेल्वे. होता होता उजवा कोण आणि डावा कोण, हेच कळेना. या प्रकाराला तिकडे खास शब्द आहे. मी मराठीत ‘रूपांतरवाद’ केला. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, शब्द जन्मतःच मेलेला आहे, आणि सगळा प्रबंध तर त्याच्यावरच उभा आहे. चांगला शब्द आणेपर्यंत ते सही करणार नाहीत. ३१ मार्चला मुदत संपते, मग तीन वर्षं पाण्यात.

आणखी एक, तू चिडशील. १८८२ मध्ये तिथे मताचा हक्क वाढवला, पण तो लिहिता-वाचता येणाऱ्या किंवा ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
अश्विनी


खर्डा, १५ फेब्रुवारी २०२५

चि. अश्विनीस,
आजीचा जय भीम आणि दोन्ही गालांवरून हात.

तुझी आई लिहितीय, मी सांगतीय. तिला म्हटलं, माझं बोलणं धुऊन-पुसून लिहू नको. तिचा स्वयंपाक तसाच, सगळं स्वच्छ, चव तेवढी शोधावी लागती. (सांगितलं तसं लिहिलं आहे. — आई)

मताचं ऐकून लई हसले. म्हंजे त्या देशात मला दोनदा बंदी, बाई म्हणून आणि अडाणी म्हणून. आपल्या बाबासाहेबांनी मला शाळेचा दाखला मागितला न्हाई. एकबी मतदान चुकवलं न्हाई मी, अंगठा लावून. आणि मत कुणाला दिलं ते तुझ्या आजोबालाबी सांगितलं न्हाई. बन्सी बिचारा विचारत विचारत गेला.

शब्दाचं म्हणशील, तर तुझा दाढीवाला विरजण लावायचा. आपल्या गहिनीनाथाचं बघ. पाण्याच्या टाकीवरून रोज पारावर बसून सरपंचाच्या नावानं शंख करायचा. सरपंच भांडला न्हाई. पाणी समितीचं अध्यक्षपद चमचाभर घातलं, दुसऱ्या सकाळी गहिनीनाथ घट्ट. आता टाकी गळती तर म्हणतो, खालच्या झाडांना बरं हाय. भांडं तेच राहतं, थेंबबी सांडत न्हाई, फक्त दूध उरत न्हाई.

जेवत जा. माया हायेच, घ्यायला येत जा.
तुझी आजी,
चांगुणाबाई


पुणे, २४ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझा शब्द ऐकून मी खोलीत एकटीच हसत सुटले. प्रकरणाला नाव दिलं ‘विरजण’ आणि सरांकडे पाठवलं. ते परत आलं. समासात लाल शाईनं विचारलंय, कशावर पडलं? त्यांना वाटलं, देप्रेतिसच्या बेतावर विरजण पडलं, म्हणजे सगळं फिसकटलं. मी म्हटलं, सर, इथे तर सगळं जमलंय. ते म्हणाले, मग उलट्या अर्थाचा शब्द कशाला? पस्तीस दिवस उरलेत. पुन्हा रूपांतरवादावर जाऊ का?

आईला सांग, मी जेवते. आठवण काढत राहा.
तुझी,
अश्विनी


खर्डा, २ मार्च २०२५

चि. अश्विनीस,
आजीचा जय भीम आणि पाठीत एक हलका धपाटा.

माघार घ्यायचं नाव काढू नको. पडतं ते वेगळं, लावतात ते वेगळं. तुझ्या सरांच्या घरी दही दुकानातून डब्यात येत असणार. ज्यानं लावलंच न्हाई, त्याला वाचून काय कळणार? आणि अडाणी म्हणायचं मला.

गुरुवारी पुंजारामचा टेम्पो कांदे घेऊन पुण्याला चाललाय. त्याच्यापाशी स्टीलच्या डब्यात आपलं विरजण देते. सरांच्या घरी जा. दूध कोमट कर, करंगळीला सोसेल एवढंच. चमचाभर विरजण त्यांच्याच हातानं घालायला लाव. पातेलं हलवू नका म्हणावं. सकाळपर्यंत वाद घालू नको, दूधबी घालत न्हाई.

डबा परत पाठव, झाकणासकट. जीव लावतीस तसा लावत राहा.
तुझी आजी,
चांगुणाबाई


पुणे, १० मार्च २०२५

ती. आजीस,
सप्रेम जय भीम, आणि आज पायांवर डोकं. वि. वि.

सही झाली.

सरांनी चष्मा लावून चमचा मोजून घातला, जसं काही औषधच. सकाळी फोन आला. म्हणाले, पातेलं तिरकं केलं, हललं नाही. मग म्हणाले, कालचं दूध कुठं गेलं ते सांगता येत नाही, आणि तरी काही हरवलेलं नाही; हाच तो म्हातारा देप्रेतिस.

पण अट घातली. शब्द कुठून घेतला, ग्रंथ आणि पान लिहिलंच पाहिजे. मी सांगितलं, ग्रंथाला अक्षर येत नाही. तर म्हणाले, मग ग्रंथाचं नाव लिहा. म्हणून पान दोनशे बारा, तळटीप चार: ‘हा शब्द चांगुणाबाई बन्सी सदाफुले, खर्डा, यांचा.’ एक प्रत तुझ्यासाठी पाठवतेय.

डबा पुंजारामकाकांकडे दिलाय. झाकण सरांच्या घरी राहिलं, रागावू नकोस.
तुझीच,
अश्विनी


खर्डा, २३ मार्च २०२५

चि. अश्विनीस,
आजीचा जय भीम, आणि झाकणाचा राग वेगळा.

पुस्तक पोचलं. तुझ्या आईनं पान काढून बोट ठेवलं. म्हटलं, एवढं बारीक? मुंग्या चालल्यात जणू. ती म्हणाली, तळटीप बारीकच असती आणि तळालाच असती. असू दे. विरजणबी तळालाच बसतं. एवढं ऐकून तुझी आई पदरानं डोळे पुसत बसली, पान भिजवती की काय म्हणून मी पुस्तक ओढून घेतलं. (खरं आहे. — आई)

नावाशेजारी निळ्या शाईचा ठिपका लावून घेतलाय, मतदानाला बोटावर लावतात तसा. आता माझं नाव मला सापडतं, कुणाला विचारावं लागत न्हाई. शेजारच्या मालनबाईला दाखवलं, सरपंचाला दाखवलं. गहिनीनाथानं सगळं ऐकून घेतलं आणि आपलं नाव कुठं न्हाई म्हणून तोंड पाडून गेला.

तुझ्या दाढीवाल्यानं मला मताचा हक्क दिला नसता. मी त्याच्या करणीला नाव ठेवलं. लोकांना नावं ठेवण्यात जन्म गेला, पण नाव ठेवलं हे पहिल्यांदाच.

सरांना सांग, रोज चमचाभर मागं ठेवा, म्हंजे उद्याचं लागतं. लोभाचंबी तसंच हाय.
तुझी आजी,
चांगुणाबाई
(शेजारचा अंगठा त्यांचाच. सही म्हणून नव्हे, शाई उरली होती म्हणून. — आई)