पेंडीच्या डब्यातल्या दोन ट्यूबा

दादा,

मी डॉक्टरांना आणायला चाललेय. गायीचं मागचं डावं सड पुन्हा दगडासारखं झालंय. पेंडीच्या डब्यात औषधाच्या दोन ट्यूबा सापडल्या, जशाच्या तशा. पाच दिवस रोज एक सडात सोडायची होती. तिसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसलं म्हणून तू डॉक्टर झालास का? वर मला सांगितलंस, ‘सगळ्या संपल्या.’

संध्याकाळची धार तूच काढ. दुखरं सड शेवटी घे, त्याचं दूध वेगळं काढून टाकून दे, हात साबणाने धू. तिने लाथ मारली तर गुमान खा.

काल आई मला म्हणाली, ‘धार काढताना तुझेच हात घाण असतील, म्हणून सड पुन्हा सुजलं.’ तू समोरच जेवत होतास. एक घाससुद्धा घशात अडकला नाही तुझ्या.